फिरकीचा तांब्या बेटावर जातो

मित्रांनो, फिरकीचे झाकण असलेला तांब्या तुम्ही पाहिला आहे का? मी तसाच एक जुना पितळी तांब्या आहे. वसईजवळच्या गिरीज गावात, पुतळाबाईंच्या घरी मी राहतो. तांबटाने मला ठोकून घडवले, आतून कल्हई केली आणि झाकणाला असे आटे पाडले की प्रवासात पाण्याचा थेंबही सांडू नये.

पुतळाबाई लग्न होऊन आल्या, त्या मला घेऊनच. शेजारच्या लतिकाबाई आणि भुईगावच्या थेरेसाबाई या त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. केळीच्या वाडीत काम करताना तहान लागली की मी या हातातून त्या हातात फिरायचो. तोंड न लावता, वरून धार धरून तिघी पाणी पीत. थेरेसाबाईंची धार हमखास नाकात जाई आणि मग काम राहायचे बाजूलाच. त्या दिवसांत मला कोणाचाही हेवा वाटत नसे.

यंदा तिघी थायलंडची बेटे पाहायला निघाल्या. लतिकाबाईंची नात निधी हिने तिघींना एकेक बाटली भेट दिली. पुतळाबाईंची जांभळी. तिच्यात म्हणे बर्फ दिवसभर टिकतो. सवयीने त्यांनी मलाही पिशवीत टाकले, पण रिकामाच. होडीत जांभळी बाटली त्यांच्या मांडीवर आणि मी पायाशी, ओल्या टॉवेलखाली. पाण्यातून वर आलेल्या हिरव्या डोंगरांसमोर फोटो निघाले, त्यांतही तीच. माझी कल्हई शाबूत होती, तरी त्या दिवशी मी आतून कळकलो.

दुपारी एका बेटावर शहाळ्यांच्या टपरीपाशी त्या टेकल्या.

"वाडीतली शहाळी विकायची आनि इथं येऊन विकतची प्यायची," पुतळाबाई म्हणाल्या.

"पी गं गुमान," लतिकाबाईंनी पिशवी उचलून पाहिली. "हिच्यात काय दगड भरलेस? अगं, तांब्या! बाटली असताना हे लोढणं कशाला?"

"परतताना बॅगेत जागा नाही," थेरेसाबाई म्हणाल्या. "देऊन टाक कोणाला तरी."

टपरीवाली माझ्याकडेच पाहत होती. तिने माझ्याकडे बोट केले आणि हात जोडले. पुतळाबाई घुटमळल्या.

"घे बाय," त्या म्हणाल्या.

जांभळी बाटली बाकावर ताठ उभी होती. तिच्याकडे बघवेना.

टपरीवालीने मला गळ्यातल्या कापडाने पुसले. झाकण बाजूला ठेवले, माझ्यात पांढरी फुले खोवली आणि मला सर्वांत पुढे मांडले. मागे सरून पाहिले, जरासे वळवले, पुन्हा पुसले.

पुतळाबाईंचे शहाळे अर्धेच राहिले.

"किती पुसतेय ती?"

"पुसू दे की. दिलास ना?" लतिकाबाई म्हणाल्या.

"दिला. म्हनून एवढं कुरवाळायचं?"

"पुतळे, तू जळतेस," थेरेसाबाई हसू दाबत म्हणाल्या.

"जळते तर जळते."

त्या तरातरा उठल्या. फुले काढून त्यांनी टपरीवालीच्या हातात दिली. "यात पानी भरतात बाय, फुलं नाय." झाकण घट्ट फिरवून त्यांनी मला काखेत धरले. टपरीवालीचा चेहरा उतरला, तेव्हा त्यांनी जांभळी बाटली उचलून तिच्यापुढे ठेवली.

"निधीला काय सांगशील?" लतिकाबाईंनी विचारले.

"समुद्रात पडली म्हनून सांगेन."

होडीत परतताना मी मांडीवर होतो. लतिकाबाईंनी आपल्या बाटलीतले गार पाणी माझ्यात ओतले. थेरेसाबाईंनी मान वर करून धार धरली आणि ती सरळ नाकात गेली.

मित्रांनो, खरे सांगू? आताही मनात येते, त्या टपरीवर जांभळीत फुले असतील, तिला कोणी रोज पुसत असेल. मला पुसायला पुतळाबाईंना सणाची आठवण व्हावी लागते. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला अधूनमधून हातात घ्या. परक्याने त्याला पुसायला घेईपर्यंत थांबू नका.