बदकाशेजारी टांगलेलं चिमणाळं

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हे कसलं चिंध्यांचं बोचकं! तसं नाही बरं. मी चिमणाळं आहे, आता जुनं झालेलं. वेताच्या कड्याला कापडाच्या चिमण्या शिवून ज्याला बाळाच्या पाळण्यावर टांगतात, ते मी.

दिवेआगराजवळच्या कोळीवाड्यात नीराबाईने मला शिवलं. तिची भाची केसर तेव्हा पहिलटकरीण होती. केसरच्या जुन्या लुगड्याचं कापड, पोटात शेवरीचा कापूस आणि डोळ्यांच्या जागी गुंजा. नीराबाईचा हात मोठा सुबक. कान्हा जन्मला आणि मी कामाला लागलं. समुद्रावरून वारा आला की मी गरगर फिरे आणि कान्हा हातपाय झाडून खिदळे. शेजारच्या बाया म्हणत, "चिमण्या जित्या वाटतात गो!" ते ऐकून मी फुगून जाई. पुढे कान्हा रांगू लागला आणि मला माळ्यावर टाकलं. तिथे मी चुलीचा धूर खाल्ला आणि सुक्या बोंबलांचा वासही.

मग राही जन्मली. मला झटकून पुन्हा पाळण्यावर बांधलं. वाटलं, आपले दिवस परत आले. पण कसलं काय! ते साल एकोणीसशे एकतीस. दिवाळीला केसरचा भाऊ सदा आगबोटीने मुंबईहून आला. तो एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात नोकरीला होता. साहेबाची मुलं मोठी होऊन विलायतेला गेली, तेव्हा मडमेने त्यांच्या खोलीतली चित्रं काढून टाकली. ती सदाने सुरळी करून आणली होती. छत्री घेतलेलं डुक्कर, कोट घातलेलं अस्वल आणि गुलाबी टोपीतलं एक बदक. सदा त्याला हंस म्हणे. हंस कसला, बदकच ते!

"बाय, साहेबाच्या पोरांना भिंतभर चित्रां असतात. आपली राही काय कमी हाय?" सदा म्हणाला.

केसरने भाताची खळ केली आणि पाळण्यासमोरच्या भिंतीवर ती चित्रं चिकटवली. सगळा कोळीवाडा बघायला लोटला. मित्रांनो, ती चित्रं माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी जुनी होती. पण त्यांना जुनी कोणी म्हणेना, मला मात्र म्हणत! आणि राही? माझ्या चिमण्या तिच्या नाकासमोर नाचत होत्या, तरी ती मान वाकडी करून त्या टोपीवाल्या बदकाकडे बघत राही. माझा नुसता जळफळाट झाला. टोपी घातली की झालं का? ते बदक ना हलत होतं, ना फिरत होतं.

वर केसर म्हणाली, "ह्या चिमण्यांनी चित्रां झाकतात. काढूनच टाकते ह्यांना."

पण तेवढ्यात खाऱ्या हवेने चित्रांचे कोपरे सुटू लागले. केसरचा नवरा हरेश्वर तांडेल, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. तो म्हणाला, "होडीला तेल लावलं का पाणी शिरत न्हाय. मग कागदात कसं शिरंल?" होडीच्या फळ्यांना लावायचं मुशी माशाच्या काळजाचं तेल त्याने आणलं आणि सगळ्या चित्रांना चोळलं. पहिल्या दिवशी ती अशी चकाकली की मला बघवेना. दुसऱ्या दिवशी कागद आरपार झाले आणि मागच्या बाजूला छापलेली अक्षरं उलटी होऊन अस्वलाच्या तोंडावर उमटली. मग वास सुटला, आणि वाड्यातली मांजरं खिडकीत जमू लागली.

एका दुपारी एका बोक्याने थेट अस्वलावर उडी घेतली. तो घसरला तो माझ्यावर येऊन आदळला. माझं कडं मोडलं, तीन चिमण्या फाटून पडल्या आणि राही किंचाळली. अंगणात बोंबील वाळत घालणारी केसर धावत आली. पोरीला छातीशी धरून तिने आधी खरचटलंय का ते पाहिलं. मग नवऱ्यावर कडाडली, "अवो, ही भिंत हाय का होडी?"

चित्रं खरवडून काढली. मला कोण आनंद झाला! पण राही मोकळ्या भिंतीकडे बघून रडू लागली. तेव्हा केसरने त्यातल्या त्यात धड राहिलेलं बदक राखेने पुसलं, पोफळीच्या झावळीच्या सुक्या, पुठ्ठ्यासारख्या विरीवर शिवलं आणि माझं कडं बांधून पडलेल्या चिमण्यांच्या जागी ते टांगलं. माझ्याच कड्याला! मी फिरलं की ते फिरे, आणि राही हसे ती त्याला बघून. जिचं माझ्याकडे लक्ष जावं म्हणून मी जिवाचं रान केलं, तिच्यापुढे मी त्या बदकाला मिरवत होतं.

राही आठ वर्षांची झाली तेव्हा शेजारची मनुबाई आली. तिच्या घरी नातू झाला होता. तिने पाळण्यासाठी मला मागितलं. केसर म्हणाली, "न्या की." पण राही आडवी आली.

"हंस न्या. चिमण्या माज्या हायती, त्या न्हाय देणार!"

तिने स्वतःच्या हाताने बदक सोडून मनुबाईला दिलं. मित्रांनो, त्या क्षणी मला जग जिंकल्यासारखं वाटलं. राहीचा जीव माझ्यावर होता! तिने मला धूळ लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून आतल्या खुंटीला अडकवलं. आजही ती कोणाला हात लावू देत नाही.

पण इथे वारा येत नाही. फडक्यातून काही दिसतही नाही. आमच्यावर माया असेल तर आम्हाला असं जपून ठेवू नका, कोणाच्या तरी पाळण्यावर बांधा. झिजलो तर झिजू. शेजारच्या घरातून मनुबाईच्या नातवाचं खिदळणं ऐकू येतं. तो त्या बदकाला बघून हसतो.