पुसलेल्या कृत्तिका

कॅमेरा अंकुशचा, फिल्मचा रोलही अंकुशचा, आणि सरस फोटो निघाला चंद्रकुमारचा! याला काय म्हणावं? सानगडीच्या तलावाकाठी दोघांनी एकाच रोलवर आळीपाळीनं आकाश टिपलं होतं. रोल कॅमेऱ्यात कसा भरायचा हेही ज्याला गेल्या वर्षी अंकुशनंच शिकवलं, त्याच्या फोटोत पाण्यावर कृत्तिकांचा पुंजका असा काही उतरला होता, की बघताच अंकुशचा जळफळाट झाला.

जवाहरनगर कॉलनीच्या क्लबात दर्शनी भिंतीवर एकच फोटो लागणार होता. इतकी वर्षं फिल्मचा नाद केलेल्या अंकुशला ती भिंत हवीच होती.

फोटो स्कॅन करून साफ करणं त्याच्याकडेच होतं. फिल्मवर रव्यासारखे दाणे असतात. बेतानं पुसले तर आकाश निवळतं. अति पुसले तर कॉम्प्युटर बारीक ताऱ्यांनाही दाणेच समजतो. स्वतःच्या फोटोवर अंकुशनं हात राखून काम केलं. चंद्रकुमारच्या फोटोवर मात्र सफाईची पट्टी सरकवत सरकवत शेवटच्या टोकाला नेली. कृत्तिकांचे दोनच ठिपके उरले. मित्राचा फोटो बिघडवताना त्याला बरं वाटलं, खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

पण निवड करायला आले पुंडलिकराव, कॉलनीच्या क्वार्टरमधले निवृत्त साहेब. अंकुशच्या फोटोपुढं त्यांनी आधी चष्मा पुसला.

"यावर रवा सांडला का बाप्पा?" ते म्हणाले. चंद्रकुमारच्या फोटोवर मात्र एकदम खूश. "हा पाहा, कसा साफ आहे! हाच लावा."

टाळ्या पडल्या. अंकुशनंही वाजवल्या, दातओठ खात. स्वतःच्या हातानं घासूनपुसून दिलेला फोटो त्याच्याच उरावर बसला होता.

चंद्रकुमार काही भिंतीकडे गेला नाही. तो अंकुशच्या फोटोपुढं उभा राहून बोटानं तारे मोजत होता.

"अंकुशभाऊ, तुमच्या फोटोत कृत्तिका पुऱ्या दिसून राहिल्या. माह्यातले तारे कुठं गेले?"

"दाणे पुसताना जातात थोडे," अंकुश नजर चुकवत म्हणाला. "फिल्मच तशी आहे, काय करतं?"

"पण रोल तं एकच होता ना भाऊ," चंद्रकुमार हळूच म्हणाला. "मंग तुमचे काहून नाही गेले?"