नाव घातलेला तांब्या

"वहिनी, दादाचा तांब्या आवडला का?"

कसब्यातल्या भांड्यांच्या दुकानासमोर बाइकवर बसलेली तिन्ही पोरं खिदळली. काउंटरवरच्या दीपालीला काहीच कळेना. गेले तीन महिने ती त्यांची वहिनी होती, कारण त्यांच्या सौरभला ती आवडली होती. तो रोज येऊन एक चमचा विकत घ्यायचा, तिच्या स्कूटीमागं बाइक घालायचा, मनगट कापून घेतल्याचे फोटो पाठवायचा.

"फारच मागं लागलाय गं," पूर्णिमा हसून म्हणाली होती. "आमचे हे सहा महिने स्वारगेटच्या स्टॉपवर उभे असायचे."

"मला भीती वाटते, ताई."

"मलाही वाटायची. मग सवय होते."

पूर्णिमा सात वर्षं या दुकानात भांड्यांवर नावं घालत होती. गुरुवारी दीपाली रजेवर असताना सौरभ पितळी तांब्या घेऊन आला. "सौरभ-दीपाली घाला ताई. सरप्राइज आहे." तिनं हातात धरून कोरायचं मशीन लावलं. शेवटी एक वेलबुट्टीही काढली, आपल्यातर्फे.

आता, सोमवारच्या भर दुपारी, सौरभ पोरांना मागं सारून आत आला आणि त्यानं तो तांब्या दीपालीपुढं ठेवला.

"तुमच्याच दुकानातून नाव आलंय. म्हणजे हो ना?"

"नाही. किती वेळा सांगू? घरी ने, आईला दे तुझ्या."

बोलता बोलता तिनं अक्षर ओळखलं. ती पूर्णिमाकडं वळून बघत राहिली, म्हणून तांब्या उगारलेला त्याचा हात तिला दिसलाच नाही.

पहिला घाव गालाच्या हाडावर बसला. दुसऱ्यानं दोन दात काउंटरच्या काचेवर पडले. ती कोसळली, तरी तो काउंटरमागं शिरून, वाकून मारतच होता आणि दर घावाला म्हणत होता, "हो म्हण. हो म्हण."

पूर्णिमाच्या डोळ्यांपुढं पाळणाघरातलं तिचं तीन वर्षांचं पोर आलं. मग तिनं फळीवरचा खलबत्त्याचा बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तिनं पुन्हा घातला, कोपरावर. शेजारचे तांबट धावून आले तेव्हा तिच्या हातातून बत्ता सुटत नव्हता.

संध्याकाळी चौकीत हवालदार म्हणाले, "पोरगा म्हणतो, जमलं होतं आमचं. पोरीनंच नाव घालून दिलं, मग फिरली. तिला विचारावं तर जबडा मोडलाय."

टेबलावर तांब्या होता, एका बाजूनं चेपलेला, कडेला रक्त वाळलेलं.

पूर्णिमाचा नवरा आनंद तिच्या कानाशी कुजबुजला, "गप्प बस. ती पोरं गल्लीतच असतात. बाळाचा विचार कर."

दुपारपासून ती दुसरं काय करत होती?

"नाव मी घातलंय," ती म्हणाली. "दीपाली रजेवर होती. तिला माहीतही नव्हतं."

"तिला न विचारता? का?"

"मला गोड वाटलं होतं."

आनंदनं खुर्ची मागं सरकवली. हवालदारांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मैत्रिणीला वाचवायला बोलताय बाई. कशावरून तुमचं अक्षर?"

"कागद द्या."

त्यांनी कागद पुढं केला. तिनं पेन धरलं. पहिलं नाव सहज उतरलं. दुसऱ्याला हात अडला.

"दोन्ही लिहा," हवालदार म्हणाले. "जोडून. तसंच."

तिनं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि दीपालीचं नाव पुन्हा एकदा त्याच्या नावाला लावलं.