मिळून आला नाही

मेहमुदानं नवऱ्याच्या कॉलरवरचा कापूस चिमटीनं वेचला, कुठं टाकावा ते न सुचून मुठीत धरला आणि त्याच्या कानामागं बघितलं. तिथंही होता. पिंजाऱ्याच्या अंगावरचा कापूस ईदेच्या आंघोळीलाही पुरता निघत नाही. पण आज जज्जापुढं उभं राहायचं होतं.

"बास की आता," फक्रुद्दीन पुटपुटला. "लोकं बघाय लागल्यात."

"बघू देत. घाणेरडा म्हणाय नको कुणी."

"चोर म्हटल्यालं चालतंय व्हय?"

तो हसला आणि हसता हसता खोकला. खोकला की त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. उभा जन्म कापूस पिंजून छातीतच गादी भरलीय, असं डॉक्टर म्हणाले होते. ओढायचा पंप मेहमुदाच्या पिशवीत होता, भाकरीच्या फडक्याखाली. तिनं वरूनच चाचपून बघितला.

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला एकच बाकडं, आणि त्यावर वकील. बाकीची जनता भिंतीकडेला उकिडवी. टायपिस्टच्या टेबलामागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत निळी झाली होती. अंगठा दिला की लोक शाई तिथंच पुसायचे. 'भिंतीला शाई पुसू नये' असं कुणीतरी रंगानं लिहिलं होतं, त्या अक्षरांवरही अंगठे उठले होते. मेहमुदा मुद्दाम तिथून हातभर लांब बसली. एक तर साडी धुतलेली. आणि दुसरं म्हणजे तिला सही येत होती.

शेजारी बायडाबाई पाय पसरून बसली होती. फिर्याद तिच्याच घरची. आठ वर्षांमागं तिनं एक गादी आणि दोन उशा फक्रुद्दीनकडं पिंजायला टाकल्या, आणि मग तिला आठवलं की एका उशीत आपण मोत्याच्या बुगड्या शिवून ठेवल्यात. फक्रुद्दीन म्हणाला, उशीत काही नव्हतं. तिचा मुलगा म्हणाला, होतं. पोलीस आले, पिंजायच्या मशीनखालची जमीनसुद्धा उकरली, फक्रुद्दीनला एक रात्र बसवून ठेवलं आणि जामिनावर सोडलं. पुढच्या दिवाळीला बायडाबाईच्या घरात भाताची कणगी रिकामी केली, तर तळाला फडक्यात गुंडाळलेल्या बुगड्या. म्हातारी त्याच दिवशी गुळाची ढेप घेऊन पिंजाऱ्याच्या दारात आली आणि मेहमुदाचे दोन्ही हात धरून रडली. मुलगा आला नाही, पण मिटलं म्हणून त्यानं निरोप धाडला.

गावापुरतं मिटलं. कोर्टाला जाऊन कुणी सांगितलं नाही, कारण कोर्टालाही सांगायचं असतं हे गावात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आज त्याच बुगड्या कानात घालून बायडाबाई नेसरीवरनं एसटी धरून आली होती.

"जज्जीणबाईला कानच दावते," ती म्हणाली. "म्हंते, बघ बाई, हिकडं हायत. सोड ह्या गरिबाला."

"नीट धरून दावा, आक्का," फक्रुद्दीन म्हणाला. "न्हायतर परत हरवतील आन परत मलाच धरतील."

"गप ए, मुडद्या," म्हणत म्हातारीनं त्याच्या पाठीत चापट मारली. पुन्हा थोडा कापूस उडाला.

पिराजी हवालदार फाटकातून आत आला. तोंडात तंबाखू, हातात टोपी.

"घाबरायचं काय कारणच न्हाय," तो म्हणाला. "हजर झाला की वॉरंट रद्द. किरकोळ दंड हुईल. दुपारच्या गाडीनं घरात."

ठाण्याला नवीन साहेब आल्यापासून जुनी वॉरंटं उरकायची धांदल सुरू होती. फक्रुद्दीनला पिराजीनंच आणलं होतं. बेडी नाही, दोरी नाही. एसटीत शेजारी बसवून, तिकीट स्वतः काढून. माणूस वाईट नव्हता. सगळं दुखणं तिथंच होतं.

दर वर्षी तो वॉरंट घेऊन यायचा. कापसाच्या पोत्यावर बसायचा. मेहमुदा चहा ठेवायची आणि फक्रुद्दीन समोर सुपारी कातरत बसायचा.

"कशाला कोर्टात जातोस?" पिराजी म्हणायचा. "रोज बुडणार, वर वकील खाणार. म्हातारीचं म्हातारीला मिळालंय. मी लिवतो की." मग मांडीवर पॅड घेऊन लिहिता लिहिता म्हणायचा, "फक्रुद्दीन, तू मिळून आला न्हाईस बघ."

"न्हाय आलो," फक्रुद्दीन म्हणायचा. "सुपारी घ्या."

दोघं हसायचे. आत चुलीपाशी मेहमुदाही हसायची.

शेवटी सही. घरच्या माणसाचा जबाब जोडावा लागतो, म्हणून तिची. पहिल्या वर्षी तिची मुस्कान नुकतीच शाळेत अक्षरं गिरवत होती आणि घरी येऊन आईलाही पाटीवर बसवत होती. मेहमुदा फक्रुद्दीन पिंजारी. एवढे तीन शब्द यायला पावसाळा गेला. सरकारी कागदावरची आयुष्यातली पहिली सही तिनं पिराजीच्या पॅडवर केली, जीभ दातांत धरून. वरच्या ओळी तिला वाचता येत नव्हत्या, आणि वाचून दाखवा म्हणायचं तिला कधी सुचलं नाही. घरातल्या माणसाला कोण तसं म्हणतं?

"वा वैनी," पिराजी म्हणाला होता. "आमच्या सायबापेक्षा झाक हाय की अक्षर."

ते वाक्य तिनं कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

पुकारा झाला. फक्रुद्दीन आरोपीच्या पिंजऱ्यात लाकडाला धरून उभा राहिला. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ. त्यांनी फाईलवरून डोळे काढले नाहीत.

"आठ वर्षं कुठं होता?"

फक्रुद्दीननं पिराजीकडं बघितलं. पिराजी खिडकीबाहेर बघत होता.

"हितंच हुतो मॅडम. गावात. घरातच."

"घरात." त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. "'आरोपीचा राहत्या घरी शोध घेतला असता मिळून आला नाही.' पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि प्रत्येक अहवालाला पत्नीचा जबाब. 'माझे पती घर सोडून गेले असून त्यांचा ठावठिकाणा मला माहीत नाही.' खाली सही." आता त्यांनी मान वर केली. "हवालदार, अहवाल तुमचे?"

"होय मॅडम."

"खरे आहेत?"

पिराजीनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"होय मॅडम."

आपल्या सहीच्या वर काय लिहिलंय ते मेहमुदानं आज पहिल्यांदा ऐकलं. मागच्या बाकावरून ती उठायला गेली. मुठीतला कापूस घामानं भिजून खड्यासारखा झाला होता. तिच्याआधी बायडाबाईच उठली आणि तरातरा पुढं गेली.

"आवो बाई, हिकडं बगा." तिनं मान वाकडी करून कान पुढं केला. "ह्या बगा बुगड्या. आमच्याच कणगीत हुत्या. ह्यो चोर न्हवं."

"आजी, तुमची साक्ष होईल तेव्हा सांगा."

"कवा हुईल?"

"तारीख पडेल."

"मी ऱ्हाईन व्हय तवर?"

कोर्टात कुणीतरी हसलं. शिपायानं म्हातारीला दंडाला धरून खाली बसवलं. फक्रुद्दीनच्या बाजूचे धैर्यशील वकील उठून जामिनाबद्दल बोलले, थोडकंच. मॅडमनी ऐकून घेतलं आणि लिहिलं. आरोपी आठ वर्षं फरार, पुन्हा पळून जाण्याची शक्यता, न्यायालयीन कोठडी. जामिनाचा अर्ज रीतसर द्या, सरकार पक्षाचं म्हणणं येऊ द्या, मग बघू.

मॅडमचं काही चुकलं नाही. कागदावर होतं ते त्यांनी वाचलं. त्या खोलीत एकही माणूस कुणाच्या वाईटावर नव्हता, आणि ज्यानं काही केलं नाही तो माणूस आत निघाला होता.

दारात मेहमुदानं पंप नवऱ्याच्या खिशात कोंबला. बरोबरच्या शिपायानं तो काढून उलटसुलट बघितला.

"काय हाय ह्यो?"

"दम्याचा पंप. रात्रीचा लागतोय."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

चिठ्ठी घरी होती, पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली.

"चिठ्ठी आणा, मग देऊ," शिपाई म्हणाला आणि पंप तिच्या हातात परत ठेवला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. नियम होता.

फक्रुद्दीननं मान वळवली. घरात दोघं बोलायचे त्या बोलीत हळूच म्हणाला, "मुस्कानकू बोल, अब्बाकू बेळगावमें काम लग्या."

म्हणजे शेवटी तो घर सोडून परगावी गेलाच.

व्हरांड्यात धैर्यशील वकिलांनी तिला खांबापाशी घेतलं.

"मावशी, नीट ऐका. अर्जाबरोबर तुमचं प्रतिज्ञापत्र देऊ, की नवरा कायम घरीच होता. जोर केला तर उद्याच सुनावणी मिळेल. पण या सह्या आडव्या येतात. त्या तुमच्याच म्हणालात तर तो फरार, आणि तुम्ही आज खोटं बोलताय."

"मला वाचाय येत न्हाय. त्यांनी लिवलं, मी सही केली. आसं सांगितलं तर?"

"खरं तेच आहे, माहीत आहे मला. पण सही केली म्हणजे वाचलं, असंच धरतात. हवालदार म्हणणार, वाचून दाखवलं होतं. मग बसा तारखा मोजत."

"आन सह्या माझ्या न्हाईतच म्हटलं तर?"

वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग त्या हवालदारानं मारल्या. त्याची नोकरी गेली, वर गुन्हा. मावशी, मी तुम्हाला काही शिकवत नाही. मजकूर टायपिस्टला सांगतो, सह्यांची ओळ घालायची की नाही ते तुम्ही ठरवा."

ते टेबलाकडं गेले. पिराजी त्याचीच वाट बघत असल्यासारखा जवळ आला. तोंडातली तंबाखू थुंकून टाकलेली.

"वैनी, मी तरी काय करणार हुतो? खोटं लिवलं म्हटलं आसतं तर हितंच टोपी काढून घेतली आसती. दिवाळीला रिटायर हुतोय. पोरीचं जमवाय लागलोय."

मेहमुदानं हातातला पंप पिशवीत ठेवला.

"आठ-पंधरा दिवसांत सुटतोय त्यो. आत माझी माणसं हायत, जपत्याली."

"रात्री पंप लागतोय त्यांना."

"सांगतो की मी."

"चिठ्ठी लागती म्हनं."

पिराजीनं टोपी डोक्यावर चढवली. "चा आणतो थांबा," म्हणाला आणि फाटकाकडं चालायला लागला. पाठमोरा तो एकदम म्हातारा दिसला. मुस्कान पहिली पास झाली तेव्हा तो बत्तासे घेऊन आला होता. गेल्या रमजानला पेंडखजुराचं खोकं.

बायडाबाईनं कानातल्या बुगड्या काढून कनवटीला लावल्या होत्या. "मेलं सोनं," ती जमिनीशी बोलावं तसं म्हणाली. "जळाय पायजे हुतं कणगीसंगट."

टायपिस्टनं हाक मारली. मेहमुदा जाऊन टेबलापुढच्या स्टुलावर बसली. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला, एकेक ओळ थांबून. 'त्या सह्या माझ्या नाहीत' या ओळीपाशी ते थांबले आणि तिच्याकडं बघितलं.

"घाला," ती म्हणाली.

यंत्र खडखडलं. त्या खडखडाटात तिनं मनातल्या मनात हिशेब लावला. बचत गटाच्या वहीत तिची सही होती. बँकेत होती. मुस्कानच्या दर वर्षीच्या प्रगतिपुस्तकावर होती, आणि तिथं तर मुस्कान वर्गात मैत्रिणींना दाखवायची. उद्यापासून सगळीकडं हात आवरायचा. गटातल्या बायका विचारतील. पोरगी विचारेल. कुणी जुनी वही उघडून दाखवली तर आपल्यालाही आत जावं लागेल. आणि आज रात्री शिट्टी वाजायला लागली की तो उठून बसणार, आणि उशाला हात घालून पंप शोधणार.

टायपिस्टनं कागद ओढून काढला.

"सही का अंगठा?"

रोज शंभरदा विचारायचा तसंच त्यानं विचारलं, मान वर न करता. पिराजी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन खांबापाशी पोचला होता.

"अंगठा," मेहमुदा म्हणाली.

वकिलांचा चष्मा पुसणारा हात थांबला, मग पुन्हा पुसायला लागला. टायपिस्टनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं मूठ उघडली. कापसाचा बोळा टेबलावर पडला, तो टायपिस्टनं टिचकीनं उडवून दिला.

"वैनी," पिराजी म्हणाला. चहा त्याच्या बोटांवरनं ओघळत होता. "आवो वैनी, सही येती की तुमास्नी."

"न्हाय येत, हवालदारसाहेब."

आजवर तिनं त्याला पिराजीभाऊशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"नीट दाबा," टायपिस्ट म्हणाला.

तिनं नीट दाबला. तो कागद फुंकून वाळवत असताना ती उठली आणि मागच्या निळ्या भिंतीपाशी गेली. मोकळी जागा सापडायला तिला बराच वेळ लागला.