पाचचे तीन

लातूरच्या एका क्लाससाठी राघवेंद्रने हजेरीचं मशीन बनवलं होतं. तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याला बोट टेकवायची काच, एवढाच कारभार. पोरं येताना बोट टेकवायची, जाताना टेकवायची, आणि संध्याकाळी आठला सगळ्यांच्या आई-बापांना एकदम मेसेज जायचे. या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं, ते वेगळं बसवावं लागतं. पण वेळ काय, इंटरनेटवरून कळेलच, म्हणून याने ते बसवलंच नाही. हुशार माणसं अशीच तोंडावर आपटतात.

दुपारी दोन तास लोडशेडिंग असायचं. इन्व्हर्टरवर फक्त पंखे होते. वीज आली की मशीन थांबलं होतं त्याच वेळेपासून पुढे मोजायला लागायचं, आणि नेट संध्याकाळपर्यंत बंद असलं की त्याची चूक काढणारं कुणी नसायचं. मग पाचला सुटलेल्या पोरांच्या नावापुढे तीन लागायचे. होस्टेलवरच्या पोरांच्या घरी कुणी ते मेसेज धड वाचतही नव्हतं.

भागवत मात्र वाचायचा. भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावात त्याची शेती होती, आणि त्याची उज्वला रोज एसटीने ये-जा करायची. दोन तासांचा रस्ता, सातला घरी. तीनला सुटलेली पोर सातला येते, मग मधले दोन तास कुठे जातात? असा तिसरा मेसेज आला आणि त्याने तिचा क्लास बंद केला. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

उज्वला का येत नाही ते क्लासच्या राजश्री मॅडमना मैत्रिणींकडून कळलं. त्यांनी राघवेंद्रला बोलावलं आणि म्हणाल्या, "दुरुस्त करा, पण गाजावाजा नको." रुपयाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ त्याने दहा मिनिटांत बसवलं. दहाच मिनिटांचं काम होतं, याचीच त्याला जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून त्याने भागवतचं गाव गाठलं.

"चूक मशीनची आहे," त्याने भागवतला सांगितलं.

"मशीन काय कुणाचं सोयरं हाय व्हय साहेब, खोटं बोलायला?"

राघवेंद्रने मशीनची पिन भिंतीत खोचली, वेळ दिसावी म्हणून त्याला लॅपटॉप जोडला, नवं घड्याळ काढून ठेवलं, पिन उपसली आणि चहा होईपर्यंत थांबला. पिन परत लावली. भागवतने आपला मोबाईल शेजारी धरला. मशीन वीस मिनिटं मागे होतं.

"आत्ता! यानं तर वीस मिन्टं खाल्ली की!"

मग नवं घड्याळ बसवून पुन्हा तोच खेळ. या वेळी एका मिनिटाचाही फरक पडला नाही. भागवत खूश झाला. "पटलं. उद्यापसनं जाऊ दे हिला."

उज्वला दारात उभी होती. इतके दिवस ती हेच सांगत होती.

"सर, ह्यो सेल किती दिवस जातो?"

"पाचेक वर्षं तरी जाईल."

"म्हंजी पाच वर्षं मी खरी."

भागवतची मान खाली गेली. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या मशीनमधनं माझा लंबर काढून टाका. कवा सुटली ते माझी पोरच सांगंल."