कॉम्प्युटर बघायचा कार्यक्रम

रविवारी साडेअकराला उरवड्यात हैबतरावांकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे होते आणि सकाळी सव्वादहाला त्यांचा कॉम्प्युटर सुरू होईना.

हैबतरावांना मुलगी एकच, आरोही. कॉम्प्युटरही एकच. त्यांचा जीव दोघांपैकी कुणात जास्त होता, हे त्यांच्या बायकोला, उषाबाईंना, विचारलं असतं तर त्यांनी कांदा चिरता चिरता उत्तर दिलं असतं. त्या कॉम्प्युटरात हैबतराव गेली अकरा वर्षं गावाची वंशावळ टाइप करत होते. एका बोटानं. बहात्तर घरं, चौदा पिढ्या. त्र्यंबकेश्वराला जाऊन उपाध्यांच्या वह्या धुंडाळल्या होत्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना चहा पाजून नावं काढली होती. सोमवारी सगळं पौडच्या छापखान्यात द्यायचं ठरलं होतं.

आरोहीनं त्यांना दहादा सांगितलं होतं, "आप्पा, पेनड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा."

"हिकडं तिकडं न्यायची वस्तू हाय व्हय ती? जितं हाय तितंच बरी," असं म्हणून त्यांनी विषय दहादा मिटवला होता.

आरोही आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन. गावातल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला होती. मशीन बंद पडलं की शिफ्टचा सुपरवायझर आधी तिला हाक मारायचा. पण घरच्या कॉम्प्युटरला हात लावायची तिला बंदी. "कंपनीतलं मशीन बिघडलं तर मालक दुसरं आणंल," हैबतराव म्हणायचे. "आपले पूर्वज कुटनं आणायचे?"

तर त्या सकाळी हैबतरावांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा मात्र काळाच राहिला आणि डब्यातून टिटवी ओरडल्यासारखा आवाज यायला लागला. टींऽऽ, टींऽऽ, टींऽऽ.

"उषा, ह्याला कुणी हात लावलावता?"

"मी कशाला लावू?" उषाबाई म्हणाल्या आणि पोह्यांना पाणी लावायला लागल्या. आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी घर आवरताना त्यांनी टेबल ओढून मागची जळमटं काढली होती, डबा उचलून आपटून जागेवर ठेवला होता, पुन्हा जरा तिरका वाटला म्हणून दुसऱ्यांदा आपटला होता. पण हे आत्ताच सांगायला हवं असं त्यांना वाटलं नाही.

आरोही अर्धवट नेसलेल्या साडीत दारात आली. "आप्पा, मी बघू का?"

"तू साडी नेस."

पाहुणे वेळेवर आले. मुलगा ऋषिकेश, त्याची आई हेमलताबाई आणि मामा कोंडीराम. स्थळ मामांनीच आणलं होतं, त्यामुळे बोलण्याचा ठेकाही त्यांच्याकडेच होता. ऋषिकेश हिंजवडीला आयटीत होता. तिथं तो काय करायचा, हे त्याच्या आईलाही नीट माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तो परदेशातल्या ग्राहकाचं म्हणणं इथल्या टीमला सांगायचा आणि टीमचं म्हणणं ग्राहकाला. त्याचा लॅपटॉप बिघडला की तो तक्रार टाकायचा आणि दुपारपर्यंत दुसरा हातात यायचा. कॉम्प्युटर आतून कसा दिसतो, हे त्यानं कॉलेजच्या पहिल्या वर्षी एकदाच पाहिलं होतं, तेही मागच्या बाकावरून.

"आमचा भाचा म्हणजे कॉम्प्युटरचा डॉक्टर!" मामा सोफ्यावर बसता बसताच म्हणाले. "नुसता हात लावला की सुरू!"

हैबतराव ताडकन उठले. पाणी देणं नाही, हवापाण्याची चौकशी नाही. त्यांनी ऋषिकेशचं मनगट धरलं. "पाव्हनं, तुमी देवासारखं आलासा. जरा आत या."

ऋषिकेशनं मामांकडे पाहिलं. मामांनी मान डोलावून आशीर्वाद दिला.

आतल्या खोलीत टीं टीं चालू होतं. ऋषिकेश खुर्चीत बसला, त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. तेवढं त्याला येत होतं.

"आधी बंद करून परत चालू करू," तो म्हणाला.

"सकाळधरनं एकवीस येळा केलं."

"मग... एकदा परत."

बाविसाव्या वेळीही टिटवी ओरडली. मग त्यानं सगळ्या वायरी काढून परत लावल्या. एक वायर टेबलाखाली गेली होती, तिच्या मागं तोही गेला आणि उठताना डोकं आपटून घेतलं. तोवर मामा पोह्यांची बशी घेऊन दारात उभे राहिले होते. "बघा कसा मुळाशी जातोय!" ते म्हणाले.

ऋषिकेशनं ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. रविवार असल्यानं मित्रानं तो उचलला नाही. मग त्यानं मोबाइलवर शोधलं. आवाज किती, छोटे की लांब, ते मोजा, असं तिथं लिहिलं होतं. आणि त्याचा अर्थ आतला बोर्ड कुठला आहे त्यावर ठरतो.

"काका, बोर्ड कुठला आहे तुमचा?"

"पुणे बोर्ड," हैबतराव जरा ओशाळून म्हणाले. "पर आमी धावी नापास हाय."

ऋषिकेशनं मोबाइल खिशात टाकला आणि परत वायरी चाचपायला घेतल्या.

तेवढ्यात बाहेरून उषाबाईंनी हाक मारली. आरोही चहा घेऊन आली होती आणि बघायला आलेला मुलगाच जागेवर नव्हता. सगळे बाहेर आले. हेमलताबाईंनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. आरोहीनं नीट उत्तरं दिली, पण तिचा एक कान आतल्या खोलीकडे होता. आवाज मोजत असल्यासारखी तिची नजर खाली होती. हेमलताबाईंना ती लाजते आहे असं वाटलं.

"मुलांना दहा मिनिटं बोलू द्या की एकमेकांशी," त्या म्हणाल्या.

"बोलू द्या, बोलू द्या," हैबतराव म्हणाले. "पर आतल्याच खोलीत. बोलता बोलता पाव्हन्यांचा हातबी चालू ऱ्हाईल."

आत गेल्यावर आरोहीनं दार लोटलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"तुम्हाला येत नाही ना?"

"नाही," ऋषिकेश म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

"मग सांगायचं."

"मामा डॉक्टर म्हणाले. त्यानंतर कसं सांगणार?"

"रॅमचा घोळ आहे, मेमरीच्या पट्टीचा. आवाजावरून कळतंय. आमच्या कंपनीतल्या एका पॅनेलला हेच होतं." तिनं पदर कमरेला खोचला. "तुम्ही मोठ्यानं काहीतरी बोलत राहा. आप्पांना कळलं तर दोघांचीबी धडगत न्हाई."

तिनं बटण बंद केलं, प्लग काढला आणि ऋषिकेशसाठी आत आणून ठेवलेल्या पोह्यांच्या बशीतल्या चमच्याच्या टोकानं डब्याचे स्क्रू सोडवायला लागली. ऋषिकेश मोठ्यानं बोलायला लागला. "मला वाचनाची आवड आहे! क्रिकेट बघतो! सिंहगडावर दोनदा गेलोय!"

झाकण निघालं. आत धुळीचा थर होता आणि कोपऱ्यात एक वाळलेली पाल.

"आई गं!" ऋषिकेश किंचाळून मागं सरला.

"बोलणी रंगलेली दिसतात," बाहेरून मामांचा आवाज आला.

आरोहीनं पाल कागदात गुंडाळून खिडकीबाहेर टाकली. अंगातली वीज आतल्या भागांना लागू नये म्हणून डब्याच्या पत्र्याला एकदा बोट लावलं आणि बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी खाचेतून अलगद उपसली. आप्पांच्या वह्यांजवळ खोडरबर होता. त्या रबरानं आरोही पट्टीचा सोनेरी काठ हळूहळू घासायला लागली.

"एवढंच?" ऋषिकेशनं विचारलं.

"पावसाळ्यात हितं ओल धरते, काठ काळा पडतो. वर काल आईनं डबा आपटला." ती घासता घासताच म्हणाली, "लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. मला रात्रपाळीही असते."

"चालेल."

"स्वयंपाक?"

"येतो मला. थोडा."

"थोडा म्हणजे कॉम्प्युटर येतो तेवढा?"

ऋषिकेश हसला, मग प्रामाणिकपणे विचार करून म्हणाला, "नाही. त्याच्यापेक्षा बरा."

तीही हसली. तिनं पट्टी खाचेत दाबून बसवली. दोन्ही बाजूंनी खट्, खट् झालं. प्लग लावला, बटण दाबलं. एकदाच छोटंसं टिक् झालं आणि पडद्यावर उजेड पडला.

आरोहीनं पदर सोडून डोक्यावरून घेतला. ऋषिकेशनं दार उघडलं. हैबतराव दाराला कान लावूनच उभे असावेत, कारण ते जवळजवळ त्याच्या अंगावर पडले.

"चालू झाला! उषा, चालू झाला!" त्यांनी फाइल उघडली. चौदा पिढ्या जिथल्या तिथं होत्या. त्यांनी ऋषिकेशला मिठी मारली. "जावई आसावा तर आसा! आता दर रविवारी यायचं. डेअरीचा कॉम्प्युटर सहा महिनं बंद हाय. सोसायटीचा हाय. शाळंतलं तर तीन हायेत, त्यातल्या एकातनं धूर येतोय."

ऋषिकेशच्या डोळ्यांसमोर पुढची वीस वर्षं धुरासकट उभी राहिली.

हैबतराव मात्र रंगात आले होते. त्यांनी हेमलताबाईंना आत बोलावून पडदा दाखवायला सुरुवात केली. "ह्ये आमचं मूळ पुरुष. ह्ये आज्जा. ह्ये वडील, आनि हा मी."

"आणि तुमच्या खाली?" हेमलताबाईंनी सहज विचारलं.

"खाली काय न्हाई. मुलगा न्हाई आमाला," हैबतरावही तितक्याच सहजपणे म्हणाले, आज नळाला पाणी नाही असं सांगावं तसं.

ऋषिकेशनं आरोहीकडे पाहिलं. ती डब्याचा शेवटचा स्क्रू चमच्यानं आवळत होती. आता लपवायचं तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "मी काही केलं नाही. मला कॉम्प्युटर दुरुस्त करता येत नाही. तो आरोहीनं सुरू केला."

दारात उभ्या असलेल्या मामांच्या हातातला घास बशीत परत गेला.

"तू हात लावलास?" हैबतरावांनी विचारलं.

"लावला," आरोही म्हणाली.

"आनि काय झालं आसतं तर? येवढे पूर्वज..."

"काय झालं न्हाई, आप्पा. सगळे हायेत जागेवर. मी तेवढी न्हाई."

हैबतरावांनी पडद्याकडे पाहिलं. स्वतःच्या नावाखालची रिकामी जागा त्यांनी अकरा वर्षांत शेकडो वेळा पाहिली होती. आता मात्र पाहुण्यांदेखत ती फारच मोठी दिसायला लागली. त्यांचे कान लाल झाले.

हेमलताबाई मोठ्यानं हसल्या, म्हणून सगळे सुटले. "अहो भाऊ, आमच्याकडं बल्बसुद्धा मीच बदलते. याला यातलं काही येत नाही. आत काम कोण करतंय, हे मला दार लोटलं तेव्हाच कळलं होतं."

"तसा सॉफ्टवेअरचा डॉक्टर," मामा पुटपुटले. "मी नीट सांगितलं नसंल."

हैबतराव खुर्चीत बसले. त्यांनी बोट उगारलं आणि कळफलकावर शोधायला लागले. आ सापडला, रो सापडेना.

"हितं," आरोहीनं वाकून कळ दाखवली.

नाव उमटलं. मागून उषाबाई म्हणाल्या, "आनि मी? ही काय आभाळातनं पडली का?"

हैबतरावांनी उषाबाईंना घातलं. मग आईला घातलं. मग बहिणी राहिल्या म्हणून त्या घातल्या. दीड वाजला तेव्हा ते आजोबांच्या पिढीपर्यंत पोचले होते आणि पाहुणे जेवायलाच थांबले होते. छापखानेवाल्याला फोन गेला, की सोमवारी जमत नाही. कधी जमेल, असं त्यानं विचारलं. अजून एकाहत्तर घरं बाकी आहेत, असं हैबतरावांनी सांगितलं.

आरोहीनं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठवड्यात ती ऋषिकेशच्या हातचं एकदा जेवून आली आणि होकार कळवला. वरणाला मीठ जास्त होतं, असं तिनं आईला सांगितलं, पण ते होकाराच्या आड आलं नाही.

मात्र हे सगळं पुढचं. त्या दुपारी आजोबांच्या बहिणींपाशी गाडी अडली. त्यांची नावं घरात कुणालाच माहीत नव्हती. मग हैबतरावांनी ताम्हिणीला दिलेल्या आपल्या आत्याला, साळूबाईंना, फोन लावला. त्या नव्वदीच्या घरात होत्या, पण आवाज खणखणीत होता. आपल्या आत्यांची नावं हवीत, हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

"आत्ता आठवन झाली व्हय रं तुला?" त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथं सात जणींची नावं घडाघडा म्हणून दाखवली, कुणाला कुठल्या गावी दिली, कुणाला किती पोरं, कुणाचा नवरा तापट, कुणाचा गरीब.

"आत्या, जरा दमानं," हैबतराव एका बोटानं धावत म्हणाले. "दुसरीचंच ल्हितोय आजून."