शमाच्या खात्यातले दोन लाख

अचलपूरच्या यासीन मास्तरांनी धाकट्या लेकीच्या, शमाच्या, खात्यात मोबाइलवरून दोन लाख रुपये टाकले आणि नवव्या दिवशी परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकनं त्यांना उडवलं. थोरली नुजहत त्यांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याच्या विधीला अकोल्याहून आली, तेव्हा शमानंच तिला हे सांगितलं.

नुजहतचा जळफळाट झाला. लहानपणापासून हेच. सायकलच्या दांडीवर शमा, मागं कॅरियरवर पिशव्या सांभाळत नुजहत. मरतानाही अब्बांना धाकटीच दिसली.

"शरियतमधी हयातीत दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याचा कब्जा लागते," ती म्हणाली. "मोबाइलातल्या आकड्यावर कायचा कब्जा? ते पैसे दोघींच्या वाटणीतले."

"मुफ्तीसाहेबांलेच विचारू, आपा."

दोघी अकोल्याला मुफ्तीसाहेबांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नोटा हातात घ्यायलाच हव्यात असं नाही," ते म्हणाले. "खात्यात जमा झाले, हवे तेव्हा काढता येतात, तर तो कब्जाच. भेट पुरी झाली."

नुजहतचा चेहरा उतरला. ती पदर सावरून उठू लागली.

"पण काढता येत नव्हते," शमा म्हणाली. "केवायसी राहिली होती. पैसे जमा झाले, पण काढायला खातं बंद होतं. अब्बा गेल्यावर बारा दिवसांनी चालू झालं."

"मग त्यांच्या हयातीत तुमचा कब्जा झाला नाही," मुफ्तीसाहेब म्हणाले. "माझ्या मते हे पैसे वारसांचे, दुसरं कोणी नसेल तर तुम्हा दोघींचे."

बाहेर जिन्यात नुजहतनं शमाचा दंड धरला.

"काहून सांगितलं? तिथं कोणाले माहीत होतं?"

"मले माहीत होतं ना."

नुजहत जिंकली होती, तरी तिला वाटलं, आताही हीच वरचढ ठरली. अब्बा असते तर आजही त्यांनी हिचीच पाठ थोपटली असती.

"मले काहून नाई दिले अब्बानं?"

"तुह्या लग्नात घरचं सारं सोनं गेलं, आपा. माह्यासाठी काईच उरलं नव्हतं. ते अब्बाच्या मनात राहून गेलं होतं."

हे नुजहतला ठाऊक होतं. सोळा वर्षं तिनं ते दागिने शमासमोर मिरवले होते.

बस स्टँडवर शमानं मोबाइल काढला आणि नुजहतच्या खात्यात एक लाख रुपये पाठवले. नुजहतनं ते परत केले नाहीत. परतवाड्याची बस लागली, शमा चढली, खिडकीतून तिनं हात हलवला. नुजहतनं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि रिक्षा शोधायला लागली.